१ जानेवारी १९८०, मंगळवार

कित्येक वर्षं बंद असलेलं पेंटियम टू मशीन पुन्हा सुरू करावं, विंडोज ९८ चा डेस्कटॉप समोर यावा, नोटपॅडमध्ये चार ओळी टाइप करून फाइल सेव्ह करावी आणि मग फोल्डर तारखेप्रमाणे लावून पाहावा. नवीन वर, जुनं खाली. वर असायला हवी ती फाइल वर नसते. २००१ च्या फायली, १९९९ च्या फायली, कुणी कधीकाळी लिहिलेली पत्रं, कुणाचे हिशेब, असं सगळं ओलांडत खाली जात राहावं, तेव्हा ती अगदी तळाशी सापडते. पाच मिनिटांपूर्वी लिहिलेली. तारीख १ जानेवारी १९८०, वेळ रात्रीचे बारा वाजून सहा मिनिटं. मशीन सुरू होताना काळ्या पडद्यावर 'सीमॉस चेकसम एरर' अशी ओळ आलेलीच असते आणि तिच्याखाली एफ-वन दाबायची सूचना. ते दाबलं की मशीन मुकाट्याने पुढे जातं. कारण उघड आहे, सीमॉस म्हणजे सेलवर जपलेली सेटिंगची छोटी मेमरी, आणि मदरबोर्डवरचा तो सेल संपलाय. जुन्या मशीनशी ज्याचा रोजचा संबंध आहे त्याला यात नवल नाही, आणि उपायही पाच मिनिटांचा. तरी ती यादी मनातून जात नाही. आत्ता जन्मलेली फाइल घरातली सगळ्यांत म्हातारी ठरली, आणि मशीनच्या बाजूने पाहिलं तर त्याने खोटं काहीच सांगितलेलं नाही.

१९८० च का, याचं उत्तर फाइलच्या नोंदीत आहे. डॉस ही विंडोजआधीची ऑपरेटिंग सिस्टिम, तिच्या फॅट या फायली नोंदवायच्या पद्धतीत प्रत्येक फाइलच्या तारखेला सोळा बिट आणि वेळेला सोळा बिट मिळतात. तारखेतले पाच दिवसाला, चार महिन्याला आणि उरलेले सात सालाला. सात बिटांत शून्य ते १२७ एवढेच आकडे मावतात, आणि तो आकडा १९८० मध्ये मिळवायचा. म्हणून या पद्धतीला १९७९ लिहिताच येत नाही आणि २१०७ च्या पुढे जाता येत नाही. वेळेच्या सोळा बिटांत तास आणि मिनिटं बसवली की सेकंदांना पाचच उरतात. पाच बिटांत साठ सेकंद मावत नाहीत, तेव्हा सेकंद दोन-दोनच्या जोडीने मोजायचे असं ठरलं. त्या नोंदीत विषम सेकंदाला जागाच नाही. हे पहिल्यांदा कळतं तेव्हा हसू येत नाही, उलट एक प्रकारची आपुलकी वाटते. दिवसाचा सेकंद-सेकंद कागदावर मांडून, यातला कुठला सोडला तर चालेल, असा विचार कुणीतरी केला असणार.

१९८१ च्या पहिल्या आयबीएम पीसीत घड्याळ नव्हतंच. वीज आली की डॉस 'मंगळवार, १-०१-१९८०' असं दाखवून नवी तारीख विचारायचं, मग वेळ विचारायचं. समोर बसलेला माणूसच त्या मशीनचं घड्याळ. ज्यांनी नुसतंच एंटर दाबलं त्यांच्या फ्लॉप्यांवर अजूनही १९८० च्या मंगळवारी जन्मलेल्या फायलींचे थवे सापडतात. १९८४ च्या पीसी एटीमध्ये मोटोरोलाची एमसी१४६८१८ ही चिप आली, बॅटरीवर चालणारी. तिच्यात एकूण ६४ बाइट. त्यातले १४ घड्याळाला आणि त्याच्या नियंत्रणाला, बाकीचे ५० मशीनच्या सेटिंगला. शेजारी क्वार्ट्झचा स्फटिक, सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरणारा. हा आकडा म्हणजे दोनाचा पंधरावा घात. पंधरा वेळा निम्मा केला की बरोबर एक सेकंद हातात येतो. मनगटी घड्याळात असतो तोच स्फटिक. मशीनचं बाकी सगळं झोपलेलं असताना एवढा एकच कण जागा असतो.

सेल संपतो तेव्हा मशीन सगळं विसरतं, पण एकदम नाही.

आधी घड्याळ मागे पडायला लागतं. मशीन बंद असताना आठवड्याला काही मिनिटं, मग काही तास. नंतर एक दिवस सेटिंग उडतात. नवा सीआर२०३२ सेल मल्टीमीटरवर ३ व्होल्टच्या थोडा वर दाखवतो. २.७ च्या आसपास आला की वाट न पाहता बदलावा. एटीएक्स या नव्या बांधणीच्या मशीनची पिन भिंतीतल्या सॉकेटमध्ये असेल, तर मशीन बंद असतानाही पॉवर सप्लायच्या ५ व्होल्ट स्टँडबाय तारेतून घड्याळाला वीज मिळते आणि सेल वर्षानुवर्षं टिकतो. पिन काढून मशीन माळ्यावर ठेवलं की सगळा भार सेलवर येतो. जपून ठेवलेल्या मशीनचे सेल राबणाऱ्या मशीनच्या सेलआधी संपतात ते यामुळे.

तरी हा गोल सेल गरीब. खरा घात करते ती त्याआधीची, पिंपाच्या आकाराची. ३८६ आणि ४८६ या जुन्या प्रोसेसरांच्या बोर्डांवर बहुधा कीबोर्डच्या सॉकेटजवळ ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी सोल्डर केलेली असते. ती म्हातारी झाली की पाझरते, आणि आतला क्षार बोर्डावर सरकत सरकत तांब्याच्या रेषा खातो. कीबोर्ड कंट्रोलर आणि आयएसए स्लॉट, म्हणजे जास्तीची कार्डं खोचायच्या फटी, त्याच्या वाटेतच असतात. म्हणून अशा मशीनला वीज देऊन 'चालतंय का बघू' हा मोह पहिल्यांदा आवरावा आणि कॅबिनेट उघडावं. बॅटरी शाबूत दिसली तरी कटरने कापून बाहेर काढावी. हिरवट-निळसर पापुद्रे दिसले, तर मऊ ब्रशने पांढरं व्हिनेगर लावावं. क्षाराला आम्ल भेटलं की बुडबुडे येतात. ते थांबेपर्यंत लावत राहावं. मग स्वच्छ पाण्याने धुवावं, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि बोर्ड पुरता एक दिवस वाळू द्यावा. वाळल्यावर मल्टीमीटर कंटिन्युइटीवर लावून एकेक रेष तपासायची. वरून हिरवी दिसणारी रेष आतून तुटलेली असते, आणि वरून काळी पडलेली कधी कधी धडधाकट निघते. तुटलेल्या जागी वरचा थर खरवडून केसासारखी बारीक तार जोडावी लागते. या कामात घाई करणाऱ्याचा बोर्ड वाचत नाही, असंच मी म्हणेन.

त्या जागी थेट सीआर२०३२ जोडणं ही मात्र मोठी चूक. मूळ बॅटरी चार्ज होणारी होती, त्यामुळे बोर्ड तिच्याकडे वीज पाठवत राहतो, आणि लिथियमच्या गोल सेलला चार्जिंग चालत नाही. तो फुगतो, फुटू शकतो. मध्ये एक डायोड घालावा, १एन५८१७ सारखा, पट्टी बोर्डाकडे. वीज सेलकडून बोर्डाकडे जाईल, उलट येणार नाही. घड्याळाच्या चिपची आणखी एक जात आहे, डॅलसची डीएस१२८७ किंवा डीएस१२८८७. काळ्या ठोकळ्यासारखी दिसते, वर घड्याळाचं चित्र. हिच्या पोटातच सेल आणि स्फटिक इपॉक्सीत गाडलेले असतात. सेल संपला की बदलायला झाकणच नाही. मग ठोकळ्याच्या कडेचं इपॉक्सी अगदी हळू घासून सोळावी आणि विसावी पिन जिथे आत वळते तिथे धातू उघडा करायचा, आतल्या सेलशी असलेला त्यांचा संबंध तोडायचा, आणि बाहेरून सेलचा होल्डर जोडायचा. सोळावर ऋण, वीसवर धन. ही चिप बनवणाऱ्यांनी दहा वर्षं धरली होती. दहा वर्षांनंतर हे मशीन कुणाला हवं असेल, असं त्यांना वाटलं नसावं. त्यांना दोष देववत नाही.

घड्याळ हरवलं तर तारीख चुकते. उरलेले ५० बाइट हरवले तर त्याहून वाईट होतं. ४८६ च्या काळात हार्ड डिस्कची मापं त्यातच लिहिलेली असायची: सिलिंडर किती, हेड किती, सेक्टर किती. बायोस म्हणजे मशीन सुरू करणारा, बोर्डावरच्या चिपमधला प्रोग्राम; त्याच्या यादीतल्या ठरीव प्रकारांत आपली डिस्क बसत नसेल तर ४७ वा प्रकार निवडून आकडे हाताने भरायचे. सेल गेला की हे आकडे गेले. चुकीचे आकडे भरले तरी डिस्क फिरते, दिवा लुकलुकतो, आणि फोल्डरांच्या नावाच्या जागी भलतीच अक्षरं येतात. अशा वेळी डिस्कवर एक अक्षरही लिहू देऊ नये. डिस्कच्या चुका शोधणारा स्कॅनडिस्क तर मुळीच चालवू नये, कारण तो चुकीच्या मापाने पाहून बरोबर असलेलं 'दुरुस्त' करत सुटतो आणि सगळी डिस्क नासवतो. बायोसमधलं ऑटो डिटेक्ट बहुतेक वेळा मदतीला येतं. नाही आलं तर डिस्कवरच्या लेबलावर आकडे छापलेले असतात. आणि काही मशीनच्या कॅबिनेटच्या आतल्या बाजूला पिवळ्या पडलेल्या कागदावर पेनाने लिहिलेले तीन आकडे चिकटवलेले सापडतात. कुणाचं अक्षर, कुठल्या साली, काही कळत नाही. त्याला एवढं माहीत होतं की मशीन एक दिवस विसरणार आहे.

ही मापं हाच मला या सगळ्या उद्योगाचा गाभा वाटतो. जुनं मशीन म्हातारं झालं म्हणून अडतं असं आपण म्हणतो, पण पुष्कळदा ते अडतं आपण त्याच्या मापाबाहेर काहीतरी त्याच्यात कोंबतो म्हणून. डिस्कचंच पाहा. बायोस १०२४ सिलिंडर, २५६ हेड आणि ६३ सेक्टरपर्यंत मोजू शकत होता. आयडीई या तेव्हाच्या जोडणीची डिस्क ६५,५३६ सिलिंडर, १६ हेड आणि २५५ सेक्टरपर्यंत. दोघांचीही एकट्याची पोच भरपूर. पण दोघांनी मिळून काम करायचं म्हटलं की प्रत्येक बाबतीत लहान आकडा धरावा लागतो: १०२४, १६, ६३. त्याला ५१२ बाइटने गुणलं की ५२,८४,८२,३०४ बाइट. बस, एवढंच. दोन रुंद दरवाजे एकमेकांपुढे जरा सरकवून बसवले की मधून जायला जी फट राहते, ती ही. पुढे ती फट ८.४ जीबीला पुन्हा आली, काही बायोसवर ३२ जीबीला आली, जिथे मोठी डिस्क लावताच मशीन सुरू होतानाच थिजतं, आणि मग १३७ जीबीला. विंडोज ९८ चा स्वतःचा डिस्क ड्रायव्हर या शेवटच्या रेषेपलीकडे लिहायला गेला की नव्या जागेऐवजी डिस्कच्या सुरुवातीवर लिहितो. कुठलीही सूचना न देता.

म्हणून डिस्क लहान घ्यावी. फिरणारी जुनी डिस्क आता भरवशाची राहिलेली नाही, आणि तिच्या जागी कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड सगळ्यांत चांगलं चालतं, कारण ते मुळातच आयडीईची भाषा बोलतं. मधला अडॅप्टर म्हणजे नुसती पिनांची जुळवणी, त्यात चिप नसते. विंडोज ९८ ला ४ किंवा ८ जीबीचं कार्ड पोटभर होतं. मात्र कार्ड 'इंडस्ट्रियल' जातीचं घ्यावं, ते स्वतःला पक्की डिस्क म्हणून सांगतं. साधी कार्डं स्वतःला काढता येण्याजोगी म्हणतात आणि विंडोज गोंधळतं. डिस्कचे भाग पाडणारा एफडिस्क सुरू होताना मोठ्या डिस्कचा आधार हवा का विचारतो, तिथे हो म्हटलं की फॅट३२ मिळतं. पार्टिशन केल्यावर ते ॲक्टिव्ह करायचं विसरू नये. सगळं करूनही मशीन कार्डावरून सुरू होत नसेल, तर 'एफडिस्क स्लॅश एमबीआर' ही आज्ञा एकदा द्यावी, बहुतेक वेळा तेवढ्याने सुटतं. स्वस्त अडॅप्टरांत डीएमएच्या, म्हणजे प्रोसेसरला मध्ये न घेता डेटा थेट मेमरीत नेण्याच्या, तारा जोडलेल्याच नसतात. अशा ठिकाणी विंडोजमध्ये डीएमएची खूण केली की पुढच्या वेळी मशीन सुरू होताना लटकतं.

कार्ड बसवलं की मशीन गप्प होतं.

यात माझं मन खरोखर दोन्हीकडे ओढतं. वेग वाढतो, काळजी मिटते, हे खरं. पण जुन्या डिस्कचा आवाज हा त्या मशीनच्या बोलण्याचा भाग होता. सुरुवातीचा चढत जाणारा सूर, मग हेड मोकळं झाल्याचा टक्क, मग विंडोज उघडताना वाटाण्याच्या शेंगा सोलाव्या तशी बारीक करकर. तो ऐकून, पडद्यावर काही दिसत नसतानाही, मशीन काम करतंय की अडकलंय हे कळायचं. आता पडदा थिजला तर केवळ त्या लाल दिव्याकडे बघत बसावं लागतं. तरीही मी कार्डच लावा असं सांगेन. जुनी डिस्क सुरू होत असेल तोवर तिच्यातलं सगळं उतरवून घ्यावं आणि मग तिला विश्रांती द्यावी. ऐकण्यासाठी कधी तरी लावायला हरकत नाही.

मेमरीचंही तसंच. विंडोज ९८ ला किमान १६ एमबी लागते, १२८ मध्ये ते रमतं, २५६ मध्ये मोकळं वावरतं. आज जुन्या मेमरीच्या पट्ट्या हातात आहेत म्हणून कुणी १ जीबी लावली, तर विंडोज सुरू होताना सांगतं की मेमरी अपुरी आहे. वाचणारा चक्रावतो. घडतं ते असं: फायलींसाठी राखायचा व्हीकॅश मेमरीच्या प्रमाणात वाढतो, आणि मेमरी ५१२ एमबीच्या वर गेली की तो व्हीकॅशच पत्त्यांची सगळी जागा गिळून बसतो. मग दुसऱ्या कुणाला पत्ता द्यायला उरत नाही. सिस्टिम.आयएनआय फायलीत व्हीकॅशच्या मथळ्याखाली 'मॅक्सफाइलकॅश' २,६२,१४४ असं लिहिलं की तो २५६ एमबीवर थांबतो. आकडा केबीत असतो आणि लिहिताना त्यात स्वल्पविराम नको. तरीही अडलं तर ३८६ एन्हच्या मथळ्याखाली 'मॅक्सफिजपेज' २०००० लिहावं. हा आकडा सोळाच्या पायातला आहे, म्हणजे ४ केबीची १,३१,०७२ पानं, म्हणजे बरोबर ५१२ एमबी. सगळ्यांत साधा उपाय म्हणजे जास्तीची पट्टी काढून ठेवणं, आणि मला तोच योग्य वाटतो.

वेगाची गोष्ट याहून विलक्षण. टर्बो पास्कल या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेले कितीतरी डॉस प्रोग्राम साधारण २०० मेगाहर्ट्झच्या पुढच्या मशीनवर उघडताक्षणी 'रनटाइम एरर २००' म्हणून मरतात. २०० म्हणजे शून्याने भागाकार. पण प्रोग्राममध्ये कुणी शून्याने भागलेलं नसतं. पीसीच्या घड्याळाचा ठोका सेकंदाला १८.२ वेळा पडतो, म्हणजे दोन ठोक्यांमध्ये ५५ मिलिसेकंद. प्रोग्राम सुरू होताना एका ठोक्याच्या काळात आपण किती वेळा गोल फिरू शकतो हे मोजायचा, त्याला ५५ ने भागायचा आणि एका मिलिसेकंदाचं माप ठरवायचा. मशीन इतकं वेगवान झालं की भागाकाराचं उत्तर सोळा बिटांत, ६५,५३५ च्या आत, मावेना. उत्तर मावलं नाही तरी प्रोसेसर ओरडतो तो शून्याने भागल्याचाच. विंडोज ९५ ला असंच एएमडीच्या के६-२ वर झालं. ३५० मेगाहर्ट्झ आणि पुढच्या प्रोसेसरवर ते सुरू होताना 'विंडोज प्रोटेक्शन एरर' देऊन थांबायचं, आणि कारण पुन्हा वेळ मोजणारं एक वेटोळंच. मायक्रोसॉफ्टने त्यासाठी दुरुस्ती काढली. कॅबिनेटवर टर्बोचं बटण असायचं ते मशीन पळवण्यासाठी आहे असा समज होता. ते उपयोगी पडायचं मुख्यतः वेग कमी करायला, ४.७७ मेगाहर्ट्झ गृहीत धरून लिहिलेल्या प्रोग्रामांसाठी.

डॉसमध्ये तर घड्याळाची चिप मशीन सुरू होताना एकदाच वाचली जाते. पुढे सगळी मदार त्या १८.२ ठोक्यांवर. मध्यरात्र उलटली की बायोस एक खूण करून ठेवतो, आणि डॉस पुढच्या वेळी वेळ विचारायला आलं की खूण पाहून तारीख एकाने वाढवतं. पण पुष्कळ बायोसवर ती नुसती खूण आहे, मोजणी नाही. कुणी वेळ न विचारता दोन मध्यरात्री गेल्या, तरी खूण एकच. एक दिवस कायमचा गळतो. आणि विंडोज ९५ व ९८ मध्ये मिलिसेकंद मोजणारा बत्तीस बिटांचा आकडा आहे, तो ४,२९,४९,६७,२९५ पर्यंत जातो आणि मग शून्यावर येतो. हिशेब केला तर ४९.७ दिवस. तेवढा काळ मशीन अखंड चालू राहिलं तर थिजू शकतं. ही चूक १९९९ साली समोर आली आणि दुरुस्ती निघाली. यातलं काहीही झिजेमुळे होत नाही. लोखंड, तांबं, सिलिकॉन सगळं ठणठणीत असतं. फक्त मोजपट्टी संपते.

प्रत्यक्ष विंडोज ९८ चढवताना त्रास देतात त्या किरकोळ गोष्टी. स्टार्टअप फ्लॉपी मेमरीत एक तात्पुरता ड्राइव्ह बनवते, त्यामुळे सीडीचं अक्षर एकाने पुढे सरकतं. डी समजून शोधत बसू नये, ई पाहावं. सीडीवरून थेट सेटअप चालवण्याऐवजी विन९८ हा फोल्डर आधी डिस्कवर उतरवून घ्यावा. दोनशे एमबीच्या आत मावतो, आणि पुढे प्रत्येक ड्रायव्हरच्या वेळी सीडी मागण्याची कटकट संपते. उतरवण्याआधी डिस्कचं काम वेगात करणारं स्मार्टड्राइव्ह सुरू केलं नाही तर हेच काम कंटाळा येईस्तोवर रेंगाळतं. ड्रायव्हर घालताना क्रम पाळावा: आधी चिपसेट, मग ग्राफिक्स, मग साउंड, शेवटी नेटवर्क. दर टप्प्यावर मशीन नीट सुरू होऊ द्यावं. बिघडलंच तर डॉसमध्ये 'स्कॅनरेग स्लॅश रिस्टोअर'. विंडोज रजिस्ट्रीच्या, म्हणजे आपल्या सेटिंगच्या नोंदवहीच्या, पाच जुन्या प्रती जपून ठेवतं, त्यातली चांगली निवडावी. एमएसडॉस.एसवायएस ही फाइल संपादित करताना तिच्यातल्या एक्सच्या रांगा कचरा समजून पुसू नयेत. फाइल १०२४ बाइटपेक्षा मोठी असावी लागते म्हणून त्या भरलेल्या आहेत. फाइलमध्येच तसं लिहून ठेवलंय, आणि ते लिहिणाऱ्याविषयी मला कायम आदर वाटतो.

वीजपुरवठ्याविषयी दोनच गोष्टी. एटीएक्सआधीच्या एटी बोर्डाचे पी८ आणि पी९ हे दोन कनेक्टर लावताना काळ्या तारा मध्यभागी एकमेकींना लागून आल्या पाहिजेत. उलटं लावलं तर बोर्ड जळतो. आणि प्रोसेसरभोवतीचे कपॅसिटर डोक्यावर फुगलेले दिसले तर मशीन सुरू न करता ते बदलावेत. क्षमता तीच, व्होल्ट तेवढेच किंवा जास्त, १०५ अंशांचे, कमी ईएसआरचे, म्हणजे कमी अंतर्गत रोधाचे.

इतकं करण्यापेक्षा एम्युलेटर, म्हणजे आजच्या मशीनवर जुन्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्राम, का नाही, हा प्रश्न रास्त आहे. जुनी फाइल उघडायची असेल, जुना प्रोग्राम पाहायचा असेल तर एम्युलेटर खरंच पुरतो, आणि लोखंड जपायची ऐपत किंवा जागा नसेल त्याने बिनदिक्कत तोच वापरावा. पण एम्युलेटरला तारीख आयती मिळते, यजमान मशीनकडून. तिथे सेल संपत नाही, मापं कुणाला कागदावर लिहून चिकटवावी लागत नाहीत. आणि हे मशीन इंटरनेटला जोडायचा हट्टही धरू नये. १९८० सालात उभ्या असलेल्या मशीनला जगातलं प्रत्येक सुरक्षा प्रमाणपत्र भविष्यातलं, म्हणून अग्राह्य वाटतं. तारीख सुधारली तरी त्याला आजचं गुप्तलेखन येत नाही. घरातल्या दुसऱ्या मशीनवर एफटीपी सर्व्हर चालवून आरटीएल८१३९ चं साधं नेटवर्क कार्ड लावलं की फायलींची ने-आण होते. तेवढं बस.

तारखांच्या या यादीतच आणखी काही सापडतं. विंडोज ९८ च्या दुसऱ्या आवृत्तीच्या मूळ फायली पाहिल्या तर झाडून सगळ्यांवर एकच शिक्का आहे: २३ एप्रिल १९९९, रात्री १० वाजून २२ मिनिटं. चोवीस तासांच्या घड्याळात २२:२२. आवृत्तीचा क्रमांक ४.१०.२२२२. डॉस ६.२२ च्या फायलींवर ३१ मे १९९४, सकाळी ६ वाजून २२ मिनिटं. म्हणजे त्या वेळा खऱ्या नाहीतच, त्या सह्या आहेत. फाइलच्या वेळेत आपलं नाव कोरून ठेवायचं असं मायक्रोसॉफ्टने ठरवलं, आणि शेकडो फायली गेली पंचवीसहून अधिक वर्षं रात्रीच्या त्या एकाच मिनिटाला उभ्या आहेत. त्यांच्याही खाली, तळाशी, ती चार ओळींची फाइल.

सेल मिळवून बसवेपर्यंत दोन दिवस गेलेले असतात. बायोसमध्ये तारीख भरायची, वेळ भरायची, डिस्क ऑटोवर टाकायची, सेव्ह करून बाहेर पडायचं. सेल बदलल्याने जुनी नोंद मात्र बदलत नाही, ती फाइल १९८० तच राहते. डॉसमध्ये यावर एक उपाय आहे: कॉपी, स्लॅश बी, मग फाइलचं नाव, त्याला चिकटून अधिकचं चिन्ह आणि लागोपाठ दोन स्वल्पविराम. फाइल जागच्या जागी राहते आणि तिच्यावर या क्षणाची तारीख बसते. पण ही तारीखही तिची नव्हे. ती लिहिली गेली परवा, आणि परवाचा दिवस त्या मशीनने कुठेच नोंदलेला नाही. तेव्हा तारीख फाइलच्या नावातच घालायची. डॉसमधून पाहिलं तरी न तुटणारं नाव हवं, म्हणजे आठ अक्षरं आणि टिंबानंतर तीन. साल चार आकडी, महिना दोन, दिवस दोन. मोजून आठ. पुढे टिंब, आणि टीएक्सटी.